जुन्या कॉम्प्युटरला कोणता कलर मॉनिटर? आधी मशीनच्या मागचं सॉकेट बघा

दवनीवाडा, जिल्हा गोंदिया इथून मी बोलतोय. हा आपल्या ताज्या भागाचा लेखी उतारा. यात आकडे बरेच आहेत, त्यामुळे नुसतं ऐकण्यापेक्षा समोर ठेवून वाचलेलं बरं पडेल.

हा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माळा साफ करताना त्याला वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला. त्याने लिहिलंय, "दादा, याला कोणता कलर मॉनिटर घेऊ? घरी २१ इंची डब्बा टीव्ही आहे, पण आई म्हणते दिवाळीच्या आत तो कबाड्याला द्यायचा. ऑनलाइन एकजण रेट्रो मॉनिटर म्हणून एक पीस विकतोय, पण फार महाग सांगतोय."

थोडक्यात उत्तर: टीव्ही देऊ नकोस, आणि मॉनिटर आत्ताच घेऊ नकोस. का, ते आता सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. घरोघरचे शेवटचे डब्बा टीव्ही आता किलोच्या भावाने चाललेत, आणि रंगीत पिक्चर ट्यूब बनवणारे मोठे कारखाने केव्हाच थांबले. एकदा गेलेला टीव्ही परत मिळेलच असं नाही.

ही मशीन्स आपल्याकडे आली कुठून?

खूप जणांना वाटतं होम कॉम्प्युटर म्हणजे इंग्लंड-अमेरिकेची गोष्ट. तसं नाही. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली इंग्लंडमध्ये आला. पुढे पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचं स्पेक्ट्रम प्लस हे मॉडेल परवाना घेऊन भारतात आणलं. तोच हा डीबी स्पेक्ट्रम प्लस. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांनी बेसिक भाषेतला पहिला प्रोग्रॅम यावरच लिहिला.

दुसरं मशीन बीबीसी मायक्रो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात हे कॉम्प्युटर शाळांना दिले गेले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने ते परवान्यावर इथेही बनवले. त्यामुळे एखाद्या जुन्या शाळेच्या स्टोअररूममध्ये आजही बीबीसी मायक्रो निघू शकतो.

बाकी कमोडोर ६४, अमिगा ५०० वगैरे बहुतेक परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून आले.

ही मशीन्स घरच्या टीव्हीला जोडायची म्हणूनच बनवलेली होती. भारतात दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. म्हणजे रंगीत टीव्ही आणि रंगीत होम कॉम्प्युटर आपल्याकडे मागेपुढेच आले.

पहिला प्रश्न: रंग बाहेर कसा येतो?

मॉनिटर निवडताना लोक आधी इंच आणि कंपनी बघतात. माझं म्हणणं उलटं आहे. आधी कॉम्प्युटर फिरवा आणि मागचं सॉकेट बघा. मॉनिटर कोणता, ते तिथूनच ठरतं.

समजा आईने डबा दिलाय. भात, वरण, भाजी तिन्ही वेगळ्या कप्प्यांत असतील तर शाळेत पोचेपर्यंत चव जशीच्या तशी राहते. सगळं एकाच कप्प्यात भरलं तर खायला मिळतं, पण कालवलेलं. चित्राचंही तसंच आहे.

सगळ्यात वरची पायरी आरजीबी. लाल, हिरवा, निळा हे तीन सिग्नल वेगवेगळ्या तारांवर, आणि ओळ कधी सुरू करायची हे सांगणारा सिंक वेगळा. बीबीसी मायक्रो, अमिगा आणि स्पेक्ट्रम १२८ मध्ये हे मिळतं.

त्याखाली एस-व्हिडिओ किंवा त्याच जातीचा सिग्नल. यात उजेड-अंधार एका तारेवर आणि रंग दुसऱ्या तारेवर. कमोडोर ६४ च्या आठ पिनांच्या व्हिडिओ सॉकेटवर हे असतं.

त्याखाली कंपोझिट, म्हणजे आपली पिवळी एव्ही पिन. सगळं एकाच तारेवर कालवलेलं.

आणि सगळ्यात खाली आरएफ. यात कालवलेला सिग्नल पुन्हा एका टीव्ही चॅनेलवर बसवतात आणि अँटेनाच्या भोकातून आत पाठवतात. स्पेक्ट्रम आणि स्पेक्ट्रम प्लसवर बाहेरून एवढंच मिळतं.

इथे एक अडचण खास आपल्याकडची आहे. इंग्लंडमधला स्पेक्ट्रम यूएचएफ चॅनेल ३६ वर चित्र पाठवतो. तिथे टीव्हीच यूएचएफवर चालायचा. आपलं दूरदर्शन मात्र बराच काळ व्हीएचएफवर होतं, त्यामुळे जुन्या भारतीय टीव्हीच्या ट्यूनरला यूएचएफ सापडतच नाही. अशा टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसल्या म्हणून कॉम्प्युटर मेला असं समजू नका. नंतरच्या रिमोटवाल्या टीव्हीत ऑटो सर्च लावला की बहुधा चॅनेल सापडतं.

दुसरा प्रश्न: सेकंदाला किती ओळी?

"दादा, घरी कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर पडलाय, तो लावू का?" हा प्रश्न हमखास येतो. गणित करून बघू.

जुना कॉम्प्युटर एका चित्रात ३१२ ओळी काढतो, आणि सेकंदाला ५० चित्रं. ३१२ गुणिले ५० म्हणजे १५,६००. सेकंदाला साधारण १५,६०० ओळी. तांत्रिक भाषेत १५ किलोहर्ट्झ.

आता पीसीचा व्हीजीए मॉनिटर घ्या. एका चित्रात ५२५ ओळी, सेकंदाला ६० चित्रं. ५२५ गुणिले ६० म्हणजे ३१,५००. जवळजवळ दुप्पट.

त्यामुळे नुसती केबल बदलून किंवा पंधरा पिनांचा जोड लावून काम होत नाही. बहुतेक व्हीजीए मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणतात किंवा चित्र फाटतं. मध्ये ओळी दुप्पट करणारा बोर्ड लागतो. डब्बा टीव्ही मात्र जन्मापासून १५ किलोहर्ट्झवर चालतो. दूरदर्शन त्याच वेगाने यायचं.

तिसरा प्रश्न: तुम्हाला वाचायचंय किती?

गेम खेळायचा की कोड लिहायचा, यावर मॉनिटर बदलतो. कसा, ते बघा.

टीव्हीची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. बीबीसी मायक्रो त्यातल्या ४० मायक्रोसेकंदांत चित्र काढतो. ८० कॉलमच्या मोडमध्ये ओळीत ६४० ठिपके असतात. म्हणजे मायक्रोसेकंदाला १६ ठिपके. एक काळा, एक पांढरा असे ठिपके आले तर सिग्नल ८ मेगाहर्ट्झने वर-खाली होतो. आणि आपल्या पाल टीव्हीत चित्राला जागा आहे फक्त ५ मेगाहर्ट्झची. अक्षरं फिसकटणारच. तो टीव्हीचा दोष नाही, सिग्नल त्या नळीत मावतच नाही.

स्पेक्ट्रमचं काय? त्याच्या ओळीत २५६ ठिपके, वेग ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सिग्नल जास्तीत जास्त साडेतीन मेगाहर्ट्झ. टीव्हीत आरामात मावतो. स्पेक्ट्रम बनवताना ३२ कॉलमच का ठेवले, ते यावरून कळतं.

पण कंपोझिटमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास बसवलेली असते, आणि रंगाचा तपशील साधारण १ मेगाहर्ट्झएवढाच पोचतो. म्हणून पांढऱ्यावर काळी अक्षरं छान दिसतात, पण निळ्यावर लाल अक्षरं लिहिली की चिखल होतो. शिवाय स्पेक्ट्रममध्ये रंगाचा क्रिस्टल वेगळा आणि ठिपक्यांचा वेगळा, दोघांचा ताल जुळत नाही. त्यामुळे रंगांच्या कडेला मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. टीव्ही बदलून त्या पूर्ण जाणार नाहीत.

आता काच. रंगीत ट्यूबच्या आत लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे गट असतात. दोन गटांतल्या अंतराला पिच म्हणतात. १४ इंची ट्यूबची दिसणारी रुंदी साधारण २६ सेंटिमीटर. पिच ०.६४ मिलिमीटर असेल तर आडवे ४०० च्या आसपास गट बसतात. ०.४२ असेल तर ६०० च्या वर. म्हणजे ८० कॉलमचे ६४० ठिपके नीट वाचायचे असतील तर बारीक पिचचा खरा मॉनिटर हवा. ४० कॉलम किंवा गेमसाठी टीव्हीची ट्यूब पुरते. ब्रिटनमधल्या शाळांत बीबीसी मायक्रोसोबत मायक्रोव्हिटेकचे कब मॉनिटर दिसायचे, त्यातही जाड पिचचे स्वस्त आणि बारीक पिचचे महाग असे प्रकार होते.

युट्यूबवरचा सल्ला इथे का चालत नाही

युरोपातले व्हिडिओ बघाल तर सगळे म्हणतात, "आरजीबी स्कार्ट केबल घ्या, झालं." स्कार्ट हे २१ पिनांचं सॉकेट तिकडच्या टीव्हीत सर्रास असायचं. आपल्या बाजारातल्या टीव्हीत ते नसतं. म्हणून ती केबल मागवून उपयोग नाही.

आपल्याकडे दुसरी सोय आहे. डीव्हीडीच्या जमान्यात आलेल्या शेवटच्या फ्लॅट डब्बा टीव्हींत मागे किंवा बाजूला हिरवं-निळं-लाल असं तीन पिनांचं कॉम्पोनंट इनपुट मिळतं. आरजीबी ते कॉम्पोनंट करणारी छोटी डबी मध्ये लावली की अमिगा किंवा स्पेक्ट्रम १२८ चं चित्र जवळजवळ आरजीबीसारखंच येतं. म्हणून कबाड्याकडे टीव्ही बघायला गेलात तर आधी त्या तीन पिना शोधा. पिवळी पिन तर जवळपास सगळ्यांत सापडेल.

बीबीसी मायक्रोबद्दल एक सावधगिरी. त्याचं आरजीबी डिजिटल पातळीचं असतं, म्हणजे व्होल्टेज जास्त. टीव्ही किंवा कन्व्हर्टरला लागतं साधारण ०.७ व्होल्ट. मध्ये योग्य रेझिस्टर असलेलीच केबल वापरा. आणि त्याच्या गोल कंपोझिट सॉकेटमधून चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर घाबरू नका, ते मुळातच तसं सेट केलेलं असतं. बोर्डवरचा एस-३९ हा जोड जोडला की रंग येतो.

मग एलसीडी काय वाईट?

वाईट नाही. पण तीन गोष्टी माहीत असू द्या.

एक, बाजारात मिळणारी स्वस्त एव्ही ते एचडीएमआय डबी. तिला वाटतं आत येतंय ते नेहमीचं टीव्हीचं चित्र, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींची दोन चित्रं जोडायची आहेत. बहुतेक जुन्या कॉम्प्युटरांचं चित्र तसं नसतंच, ते दर वेळी पूर्ण असतं. डबी उगाच जोडाजोड करते, चित्र थरथरतं, कडा मऊ होतात. आणि त्यासाठी ती चित्र थांबवून धरते. एक चित्र २० मिलिसेकंदांचं, दोन धरली तर ४०. बटण दाबलं आणि उडी उशिरा पडली, असं वाटतं ते यामुळे.

दोन, ५० आणि ६० चा झगडा. कॉम्प्युटर सेकंदाला ५० चित्रं देतो, पॅनेल ६० दाखवतं. दहा चित्रं दोनदा दाखवावी लागतात, म्हणून सरकणारं चित्र अडखळतं. मॉनिटर घेताना तो ५० हर्ट्झ स्वीकारतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. स्पेक्ट्रमचा वेग तर नेमका ५०.०८ आहे. काही एलसीडी तेवढ्यावरूनही नखरे करतात.

तीन, बंदुकीचे गेम. लहानपणी टीव्ही गेमच्या बंदुकीने बदकं मारली असतील तर आठवा. ती बंदूक पडद्यावरचा उजेड कोणत्या क्षणी पडला ते ओळखते. एलसीडीवर तो क्षण चुकतो, म्हणून नेम लागतच नाही.

चांगला मार्गही आहे. आरजीबी टू एचडीएमआय नावाचा एक खुला प्रकल्प आहे. रास्पबेरी पाय झिरोवर एक छोटा बोर्ड बसवतात, तो प्रत्येक ठिपका अचूक टिपतो. तो सुरू झाला बीबीसी मायक्रोसाठीच. ओएसएससी नावाचा खुल्या डिझाइनचा बोर्डही आहे, तो ओळी दुप्पट करतो आणि उशीर जवळपास शून्य ठेवतो. साध्या स्पेक्ट्रमसाठी मागच्या एज कनेक्टरला लावायचे एचडीएमआय बोर्डही हौशी लोक बनवतात. डब्ब्याला घरात जागा नसेल किंवा ८० कॉलममध्ये तासन् तास कोड लिहायचा असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.

जुना टीव्ही तपासायचा कसा

कबाड्याकडे किंवा ओळखीच्या घरी टीव्ही बघताना पाच मिनिटं द्या.

चालू करा आणि चित्र यायला किती वेळ लागतो बघा. खूप वेळ अंधूक राहिलं तर ट्यूब थकलीय. मग पूर्ण पांढरा पडदा आणा. स्पेक्ट्रम सोबत असेल तर तो सुरू होतानाच पांढरा पडदा देतो, खाली कॉपीराइटची एक ओळ. कोपऱ्यात गुलाबी-हिरवे डाग दिसले तर ट्यूबला चुंबकत्व लागलंय, बहुधा जवळच्या स्पीकरमुळे. टीव्ही अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू करा. 'डुंग' असा आवाज येतो ना, तेव्हा आतली कॉइल हे चुंबकत्व घालवत असते. दोन-चारदा केल्यावर डाग बहुधा जातात.

मग बारीक पांढरी अक्षरं काळ्यावर बघा. कडेला लाल किंवा निळी सावली दिसली तर तिन्ही किरण एका जागी पडत नाहीत. कोपऱ्यात थोडं चालतं, मधोमध असेल तर सोडून द्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. मागचं झाकण उघडू नका. आत २० ते २५ हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. ते काम टीव्ही मेकॅनिकचं. तालुक्याच्या गावी अजून एखादा जुना मेकॅनिक भेटतो. त्याला मोबाइलमधला आकृतीचा फोटो दाखवा, तो समजून घेईल.

आमच्याकडे आणखी एक भानगड. उन्हाळी धानाच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. नंतरच्या काळातले डब्बा टीव्ही ते सहन करायचे, म्हणूनच गावोगावी टिकले. जुन्या कॉम्प्युटरचा अडॅप्टर मात्र नाजूक, त्याला स्टॅबिलायझर लावा. अमेरिकेहून आलेलं मशीन असेल तर ते ११० व्होल्टचं असतं, आपल्या २३० च्या बोर्डात सरळ घालू नका.

टीव्ही खरंच मेला असेल तरी उकिरड्यावर फेकू नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.

तर मित्रा, तुझं उत्तर

तुझ्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. ३२ कॉलम, १५ रंग, बाहेर फक्त आरएफ. तुला बारीक पिचचा महागडा मॉनिटर घेऊन काहीच फायदा नाही. त्याच्या आरजीबी सॉकेटला लावायला तुझ्या मशीनमध्ये सिग्नलच बाहेर येत नाही.

असं कर. आधी घरच्या २१ इंची टीव्हीवर आरएफने ऑटो सर्च करून चित्र येतं का बघ. आलं तर मशीन जिवंत आहे. मग इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्या कोणाकडून कंपोझिटचा बदल करून घे. मॉड्युलेटरच्या डबीत जाणारा व्हिडिओ सिग्नल थेट बाहेर काढायचा, अर्ध्या तासाचं काम. जुनी तार कुठे होती त्याचा फोटो काढून ठेव, म्हणजे परत करता येईल. मग टीव्हीची पिवळी पिन लाव. बहुतेक लोकांचं समाधान इथेच होतं.

आणि आईला सांग, दिवाळीत माळा रिकामा झालाच आहे, टीव्ही तिथे ठेवू. कोरड्या जागी, कापड टाकून, आणि महिन्यातून एकदा चालू करून. वडिलांना समोर बसवून त्यांचा जुना प्रोग्रॅम टाइप करायला सांग. तो रेकॉर्ड करून मला पाठवलास तर पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवतो.

बाकीच्यांनी आपापल्या मशीनच्या मागच्या सॉकेटचा फोटो पाठवा. बीबीसी मायक्रोवाले असतील तर त्यांनी नक्की. भेटू पुढच्या भागात!